शाळेच्या वर्गात ठेवायचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मीटर, वापरून झाल्यावरचं मत

आधीच सांगून टाकते, वस्तू चांगली आहे, घ्या. पण कशासाठी घ्यायची आणि कशासाठी नाही हे कळल्याशिवाय घेऊ नका, कारण मीटर शाळेत आला म्हणजे आता कसलीही साथ येऊदे शाळा बंद करायची गरजच नाही असं समजणारे पालक मी बघितलेत, आणि आकडा जरा वर गेला की ताबडतोब शाळा बंद करा म्हणून ग्रुपवर बोंबलणारेही बघितलेत. दोन्ही पार्ट्यांनी सोबतचं माहितीपत्रक उघडलेलं नसतं.

कंपनीचं नाव लिहित नाही, या प्रकारातले बहुतेक मीटर थोड्याफार फरकाने सारखेच आहेत. तळहातावर मावेल एवढी डबी, पुढे स्क्रीन, मधोमध मोठा आकडा, खाली बारीक अक्षरात तापमान आणि दमटपणा. मोठा आकडा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा, पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. बाहेर मोकळ्या हवेत तो ४२० च्या आसपास दाखवतो. आपण जो श्वास सोडतो त्यात हाच आकडा ४०,००० च्या घरात असतो. आता वर्गात काही चूल पेटलेली नसते, त्यामुळे आकडा चढला तर तो आत बसलेल्यांनी सोडलेल्या श्वासामुळेच, दुसरं कुठून येणार. हिशोब करून बघा, स्क्रीनवर ८०० असेल तर तुम्ही आत घेताय त्या हवेतला शंभरातला एक भाग कुणाच्या ना कुणाच्या फुफ्फुसातून फिरून आलेला आहे, आणि २००० असेल तर शंभरात चार. हे एकदा डोक्यात बसलं की त्या आकड्याकडे बघायची नजरच बदलते, निदान माझी तरी बदलली, आता मी लिफ्टमध्ये पण श्वास मोजून घेते.

मीटर विषाणू मोजत नाही हं. ते लिहिलेलं असतं पण लोक वाचत नाहीत म्हणून परत सांगते. तो फक्त एवढंच सांगतो की या खोलीत एकमेकांची हवा किती घेतली जातेय. त्यात कुणी आजारी असेल तर धोका, नसेल तर नुसती कोंदट हवा आणि जांभया.

मग शाळेत कशाला एवढं महत्त्व द्यायचं? तर जुनी गोष्ट आहे, १९७४ ची, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत गोवर पसरला. एका मुलीपासून पहिल्याच फेरीत २८ मुलांना झाला, आणि ती २८ मुलं एका वर्गातली नव्हती, १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती, म्हणजे बहुतेकजण तिच्या बाकाच्या जवळपासही बसलेले नव्हते. इमारतीत हवा खेळवणारी यंत्रणा होती आणि ती आतलीच हवा परत परत फिरवत होती. १९७८ मध्ये या साथीवरचा अभ्यास छापून आला आणि हवेतून पसरणाऱ्या रोगाचं आजचं बरंचसं गणित तिथून निघतं. आणि एवढं सगळं माहीत असून २०२० मध्ये आपण काय करत होतो, तर बाकं पुसत होतो, जमिनीवर गोल आखत होतो आणि गेटवर मुलांच्या कपाळाला थर्मामीटर लावत होतो. खिडकीकडे कुणाचं लक्षच नाही.

आता मुद्द्याचं, शाळा बंद की चालू. माझं मत असं की या भांडणात सगळे "शाळा" म्हणजे एकच काहीतरी वस्तू असल्यासारखं बोलत होते. एप्रिल २०२० मध्ये युनेस्कोच्या हिशोबाने जगभरात दीडशे कोटींहून जास्त मुलं घरी होती. सुरुवातीला ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. रोग नवा, काहीच माहिती नाही, आणि साथीची जी काही तयारी आधी कागदावर होती ती सगळी फ्लू डोळ्यासमोर ठेवून केलेली. फ्लू लहान मुलांमध्ये जोरात पसरतो आणि मुलं तो घरी नेतात, त्यामुळे फ्लूच्या साथीत शाळा आधी बंद करणं याला अर्थ आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, केस सापडली की १४ दिवसांपर्यंत शाळा बंद ठेवा असं सांगितलं होतं, आणि आजार वाटला होता तेवढा जीवघेणा नाही हे दिसल्यावर मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात तो सल्ला मागे घेतला. हे मला फार आवडतं खरं सांगायचं तर, माहिती बदलली, निर्णय बदलला, कुणाची नाक कापली गेली नाही. कोविडमध्ये हे झालं नाही. लहान मुलांना आजार गंभीर होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा फार कमी आहे हे लवकरच कळलं होतं, तरी बऱ्याच ठिकाणी दुकानं उघडली, हॉटेलं उघडली, जिम उघडल्या आणि शाळा राहिल्या शेवटच्या रांगेत. युगांडात मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या त्या पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२२ उजाडला, जवळजवळ दोन वर्षं. पहिलीत बसायच्या वयाचं मूल घेऊन विचार करा जरा.

मीटरचा खरा फायदा इथे आहे. तो भांडण शाळेवरून खोलीवर आणतो. आमच्या पालक समितीत जोपर्यंत "शाळा सुरक्षित आहे का" असा विषय होता तोपर्यंत नुसता आरडाओरडा, ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे तो एक बोलणार, ज्याचं मूल घरी बसून मोबाइलला चिकटलंय तो दुसरं बोलणार, दोघंही आपापल्या जागी बरोबर. मीटर फिरवल्यावर विषय झाला की खालच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गाचं काय करायचं. आणि त्याला उत्तर असतं.

तो कोपऱ्यातला वर्ग जरा सविस्तर सांगते कारण मीटरचे पैसे तिथेच वसूल झाले. सकाळी रिकामा असताना आकडा बाहेरच्या इतकाच. मुलं आली, बसली, पहिला तास संपेपर्यंत हजाराच्या वर. मधल्या सुट्टीच्या आधी दोन हजार पार. खिडक्या चार, चारही एकाच भिंतीला, त्यातल्या दोन उघडतच नव्हत्या, कारण कधीतरी रंगकाम करताना चौकटीवर आणि पल्ल्यावर एकत्रच रंग मारलेला आणि तो सुकून दोन्ही एकजीव झालेले. वरून बघितलं तर खिडकी, प्रत्यक्षात भिंत. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. सुतार बोलावला, त्याने पटाशीने रंग खरवडला, बिजागऱ्यांना तेल घातलं, खिडक्या उघडल्या, शिवाय समोरचा दरवाजा लाकडाची पाचर लावून उघडा ठेवायला सुरुवात केली. आकडा आठशेच्या आसपास आला आणि तिथेच राहिला. म्हणजे ज्या वर्गामुळे लोक अख्खी शाळा बंद करा म्हणत होते त्याचं औषध एका सुताराकडे होतं.

अर्थात दरवाजा उघडा ठेवला की दुसरी डोकेदुखी. बाहेरच्या पॅसेजमधला गोंगाट आत. वर्गाच्या मॅडम मला स्पष्ट म्हणाल्या, "अहो तुमचा आकडा खाली आला पण मागच्या बाकावर माझा आवाज पोचत नाहीये, मी मास्क लावून ओरडू किती?" आणि ओरडून बोललं की तोंडातून कणही जास्त बाहेर पडतात, म्हणजे मॅडमचा मुद्दा नुसता घशाचा नव्हता. शेवटी दरवाजा तासभर सताड उघडा ठेवण्याऐवजी ठरावीक वेळाने काही मिनिटं सगळं उघडायचं असं ठरलं. जर्मनीत २०२० च्या हिवाळ्याआधी तिथल्या पर्यावरण खात्याने शाळांना हेच सांगितलं होतं, दर २० मिनिटांनी ३ ते ५ मिनिटं खिडक्या पूर्ण उघडा, आणि मधल्या सुट्टीत सगळा वेळ. थंडीत मुलं कोट घालून बसली तिकडे. त्याच जर्मनीत आणि अमेरिकेत १९०४-०८ च्या सुमारास क्षयाच्या भीतीने उघड्यावरच्या शाळा निघाल्या होत्या, झाडाखाली बाकं मांडून नाहीतर भिंतभर खिडक्या उघड्या टाकून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना जे कळलं होतं ते आपल्याला कळायला स्क्रीन लागली.

मुलांचा प्रतिसाद हा रिव्ह्यूचा वेगळाच भाग आहे. लहान वर्गात मीटर ठेवला की तो मुलांचा होतो. आकडा वाचायची पाळी लावतात, "मॅडम बाराशे झाले, मॅडम बाराशे झाले" म्हणून अर्धा वर्ग उभा राहतो. आणि मग एखादा हुशार पोरगा शोध लावतो की डबीत जोरात फुंकर मारली की आकडा पाच हजारावर जातो आणि मॅडम सगळ्यांना बाहेर मैदानात नेतात. झालं, मग रोजच हवा खराब. त्यामुळे मीटर मुलांच्या तोंडापासून लांब ठेवा, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीला, भिंतीवर, पण खिडकीला आणि दाराला चिकटून नको नाहीतर तो बाहेरचीच हवा मोजत बसेल आणि तुम्हाला वाटेल काय झकास वर्ग आहे.

आता विकत घेताना सगळ्यात मोठा घोळ कुठे होतो ते. बाजारात दोन जातीचे मीटर आहेत आणि दोन्हीवर सीओटू असंच लिहिलेलं असतं. एक खरा, ज्यात एनडीआयआर सेन्सर असतो, म्हणजे आत इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि कार्बन डायऑक्साइड त्यातला किती गिळतो ते मोजतात. दुसरा स्वस्तातला, तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, हवेतल्या दुसऱ्याच वाफा मोजतो आणि त्यावरून अंदाजाने आकडा ठोकून देतो. एका पालकांनी हौसेने हा दुसरा प्रकार आणून वर्गात ठेवला होता. मुलांनी येताना हाताला सॅनिटायझर लावलं की याचा आकडा टणकन वर, आणि सॅनिटायझर उडून गेलं की खाली. म्हणजे ज्या वर्गात स्वच्छता जास्त तो वर्ग धोकादायक! ओळखायची पद्धत सोपी, डबीशेजारी सॅनिटायझर लावलेला हात धरा, आकडा उडाला तर वस्तू परत करा. वेबसाइटवर फोटो बघून कळत नाही, वर्णनात एनडीआयआर शब्द आहे का ते बघा. काही नवीन मीटरमध्ये फोटोअकूस्टिक म्हणून प्रकार येतो, तोही चालतो.

दुसरी भानगड कॅलिब्रेशनची. बरेच मीटर स्वतःच स्वतःला दुरुस्त करतात, म्हणजे गेल्या आठवड्याभरात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून चालतात. शाळेत रात्री आणि सुट्टीच्या दिवशी वर्ग रिकामे असतात म्हणून सहसा चालून जातं, पण एखादी खोली कायम बंदच असेल तर तिथला कोंदटपणाच मीटरला नॉर्मल वाटायला लागतो आणि तो सगळे आकडे कमी करून सांगतो. म्हणून अधूनमधून बाहेर मोकळ्यावर नेऊन थोडा वेळ ठेवायचा, ४२० च्या आसपास दाखवला तर ठीक. पाच-पन्नास इकडे तिकडे असेल तर सोडून द्या, आपल्याला काही प्रयोगशाळा चालवायची नाही.

किती आकडा म्हणजे वाईट? यावर वेगवेगळ्या देशांचे वेगवेगळे आकडे आहेत. जर्मनीत हजाराच्या आत ठीक, एक ते दोन हजार म्हणजे लक्ष द्या, दोन हजाराच्या वर चालणार नाही, असं २००८ पासून सांगतात, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधीपासून. इंग्लंडमध्ये सरकारने २०२१ च्या शेवटाला शाळांना तीन लाखाच्या आसपास मीटर वाटले, तिथे ८०० च्या आत चांगलं आणि १५०० च्या वर सतत राहिला तर काहीतरी करा असा हिशोब. डब्ल्यूएचओ थेट हवेचं प्रमाण सांगते, माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा. मी आपली ८०० ते १००० धरून चालते. एखाद्या क्षणाचा आकडा बघून घाबरायचं नाही, तासभर काय चाललंय ते बघायचं.

आणि हवेने खरंच फरक पडतो का? पडतो. २०२० च्या शेवटाला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या १६९ प्राथमिक शाळा बघितल्या तेव्हा जिथे हवा खेळती करायची काहीतरी सोय केली होती तिथे केसेसचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी सापडलं. आणि उलट उदाहरण हवं असेल तर इस्रायल, मे २०२०, शाळा नुकत्याच उघडलेल्या, तेवढ्यात उष्णतेची लाट आली, मुलांना मास्कमधून सूट दिली, वर्ग खच्चून भरलेले, खिडक्या बंद आणि एसी चालू. एका शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी पॉझिटिव्ह. शाळा उघडली हे कारण नव्हतं, कशी उघडली हे होतं. एसीचं लोकांना कळत नाही बघा, थंड हवा म्हणजे ताजी हवा असं वाटतं, भिंतीवरचा साधा एसी आतलीच हवा गार करून परत तोंडावर मारतो. मीटर लावून एसी चालू करा, आकडा हलणारच नाही खाली.

इथपर्यंत कौतुक. आता जिथे मीटर उपयोगाचा नाही तिथे येते, आणि माझ्या मते हा भाग जास्त महत्त्वाचा.

पहिलं म्हणजे एअर प्युरिफायर. चांगला हेपा फिल्टरवाला प्युरिफायर हवेतले बारीक कण अडवतो, विषाणू असलेले पण, पण कार्बन डायऑक्साइड त्यातून आरपार जातो. त्यामुळे प्युरिफायर लावलेल्या वर्गात धोका कमी होतो आणि आकडा मात्र तसाच चढलेला. मास्कचंही तेच. म्हणजे चढलेला आकडा बघून कुणी म्हणालं की बंद करा हा वर्ग, तर आधी विचारा आत फिल्टर चालू आहे का.

दुसरं, सगळे रोग हवेतून पसरत नाहीत. सिएरा लिओनमध्ये इबोलामुळे शाळा जवळजवळ नऊ महिने बंद होत्या, एप्रिल २०१५ मध्ये उघडल्या. इबोला आजारी माणसाच्या रक्ताला, स्रावांना हात लागला की पसरतो, तिथे हा मीटर म्हणजे टेबलावरची शोभा. पुढची साथ कशाची असेल त्यावर सगळं अवलंबून.

तिसरं आणि मुख्य, शाळेच्या भिंतीबाहेरचं मीटरला काही दिसत नाही. शाळा बंद करायची की नाही हे कधीच फक्त मुलांच्या तब्येतीवर ठरत नाही, वर्गातून आजार घरी जातो तिथे कोण आहे यावर ठरतं. शिकवणाऱ्यांवर ठरतं. याचा मला माहीत असलेला सगळ्यात छान अभ्यास स्वीडनचा, कारण तिथे २०२० च्या वसंतात नववीपर्यंतच्या शाळा चालू ठेवल्या आणि त्याच्या वरचे वर्ग ऑनलाइन केले, म्हणजे आपोआपच दोन गट तयार झाले. दोन्हीकडच्या पालकांची तुलना केली तर ज्यांची मुलं शाळेत जात होती त्यांना संसर्गाचा धोका थोडासाच जास्त निघाला, १७ टक्क्यांच्या आसपास. पण शिक्षकांचं काय, तर शाळेत जाऊन शिकवणाऱ्यांचा धोका ऑनलाइन शिकवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा वाचल्यावर मी मीटर उचलून शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवला. आणि काय दाखवलं असेल त्याने, वर्गांपेक्षा जास्त! छोटी खोली, एक खिडकी, तिच्यापुढे वह्यांचा गठ्ठा ठेवलेलं कपाट, आणि सुट्टीत सगळा स्टाफ मास्क काढून, चहा घेत, गप्पा मारत. मुलांच्या बाकांमधलं अंतर पट्टीने मोजलं होतं आम्ही, आणि ही खोली कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. स्कूल बसचंही तसंच, काचा बंद करून गाडी भरली की आकडा बघवत नाही, दोन काचा चार बोटं खाली केल्या की धाडकन उतरतो.

त्यामुळे मला कुणी विचारलं की साथ आली तर शाळा बंद करायच्या का, तर माझं म्हणणं असं आहे की बाहेर रोग झपाट्याने वाढत असेल, दवाखान्यात खाटा मिळत नसतील आणि रोग कसा पसरतो हेच धड माहीत नसेल तर करा बंद, पण थोड्या दिवसांसाठी, आणि बंद करतानाच परत कशी उघडणार ते सांगा. तो वेळ वापरा, खिडक्या उघडा, खोल्या मोजा. नुसतं बंद करून वाट बघत बसलं तर शाळा उघडायच्या दिवशी तीच चिकटलेली खिडकी. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला परत सुरुवात केली ती सगळ्यात लहान मुलांपासून, कारण त्यांचं ऑनलाइन काही होत नाही आणि आईबापाला काम सोडून बसावं लागतं. छोटे गट, जमेल तेवढं बाहेर. हे मला पटतं. आणि थर्मामीटरने ताप उतरत नाही तसं मीटर लावून हवा बदलत नाही हेही पालकांनी लक्षात ठेवावं, काही शाळांनी मीटर लावला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, संपलं.

बंद ठेवण्याची किंमत कुणी मोजलीच नाही असं नाही, मोजली आणि मग फाइलमध्ये ठेवली. नेदरलँड्समध्ये शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या, घरोघरी इंटरनेट उत्तम, तरी परीक्षेत मुलं जवळजवळ त्या आठ आठवड्यांत काहीच शिकली नाहीत असं दिसलं, आणि ज्यांचे आईवडील कमी शिकलेले त्यांचं नुकसान आणखी जास्त. ही सगळ्यात बरी परिस्थिती असलेल्या देशाची कथा. युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं होतं की जगात ४६ कोटींहून जास्त मुलांना ऑनलाइन, टीव्ही, रेडिओ यातलं काहीच पोचत नाहीये. ज्यांच्या घरी वेगळी खोली, वेगळा लॅपटॉप आणि शिकवायला आई मोकळी आहे अशी माणसं "मुलांचा जीव महत्त्वाचा, एक वर्ष गेलं तर काय बिघडतं" म्हणतात ना तेव्हा माझं डोकं फिरतं. तुमच्याकडे नाही बिघडत.

पण उलट बाजूने "मुलांना काही होत नाही, उघडा" म्हणणारेही मला तितकेच खटकतात. मधुमेह असलेले सर, कीमो चालू असलेली आई, मुलाला सांभाळणारी ऐंशीची आजी, हे लोक शाळेच्या पटावर नसतात पण शाळेच्या हवेशी त्यांचा संबंध असतो. त्यांना भित्रे म्हणून उडवून लावायचं आणि खिडकीही उघडायची नाही, हे चालणार नाही. अशांना आकडा दाखवता येतो हा या डबीचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटला. एका आजोबांनी नातवाला पाठवायचं बंद केलं होतं, त्यांना वर्गात आणून तासभर मीटर दाखवला, खिडक्या दाखवल्या, कुठल्या बाकावर बसणार ते दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण रोजचा आकडा मला पाठवा." पाठवला रोज. पोरगा यायला लागला.

आता बारीकसारीक तक्रारी. अलार्मचा आवाज कानठळ्या बसवणारा आणि काही मॉडेलमध्ये तो बंदच करता येत नाही, परीक्षा चालू असताना वाजला तर विचारू नका. बॅटरीवर फार टिकत नाही, चार्जर लावूनच ठेवावा लागतो, म्हणजे प्लगजवळ जागा हवी आणि वर्गात प्लग नेमका खिडकीखाली असतो. स्क्रीन मागच्या बाकावरून वाचता येत नाही, लाल-पिवळा-हिरवा दिवा असलेला घेतला तर लांबूनही कळतं, आणि लहान मुलांना आकड्यापेक्षा दिवाच बरा. मोबाइल अ‍ॅप आहे पण माझ्याकडे ते दर थोड्या वेळाने मीटर विसरतं, परत जोडत बसा. जुने आकडे साठवून ठेवणारा मॉडेल असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या, कारण सभेत दाखवायला आलेख लागतो, नुसतं "मी बघितलं होतं दोन हजार" म्हणून कुणी ऐकत नाही.

प्रत्येक वर्गाला एक घेतला तर उत्तमच, पण बजेट नसेल तर दोन-तीन घेऊन फिरवत ठेवले तरी काम होतं, कारण एखाद्या खोलीचा स्वभाव दोन-चार दिवसांत कळतो आणि मग तो फारसा बदलत नाही, ऋतू बदलून खिडक्या बंद व्हायला लागल्या की परत एकदा फिरवायचा. पाचातले चार स्टार, एक कापला तो अलार्मसाठी. आणि कपाट हलवलं का ते विचारणाऱ्यांसाठी, हो, हलवलं, वह्या आता जिन्याखाली ठेवतात.